घोड्याच्या नावात आई

माझे आजोबा मिरज स्टेशनावर टांगा चालवायचे. नवा घोडा घ्यायचा असला, की आम्हा पोरांना बाजारात बरोबर न्यायचे. ते घोड्याचे दात बघत, खूर उचलून बघत, अंगावरचे भोवरे शोधत. विकणारा हमखास सांगे, "चाचा, काठेवाडी बापाचा आहे." आजोबा हसून म्हणत, "बाप तो सब बोलते. माँ किधर है, वो दिखा."

हे वाक्य मला चाळीसेक वर्षांनी आठवलं, ते थेट व्हिएन्नात. माझी मुलगी तिथं नोकरीला आहे. "अब्बा, तुम्ही टांगेवाल्याचे नातू, तुम्हाला घोडे दाखवते," म्हणून ती मला तिथल्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये घेऊन गेली. १७३५ साली पुरी झालेली ती इमारत. वर झुंबरं, खाली वाळू आणि त्या वाळूवर संगीताच्या तालात पावलं टाकणारे पांढरेशुभ्र घोडे. या जातीचं नाव लिपित्सानर. आज स्लोव्हेनियात असलेल्या लिपित्सा गावी १५८० साली ऑस्ट्रियाच्या राजघराण्यानं पागा उभारली आणि स्पेनहून घोडे आणले. म्हणून शाळेच्या नावात स्पेन आणि जातीच्या नावात लिपित्सा. गंमत म्हणजे यांची शिंगरं जन्मतात काळी किंवा तपकिरी. पांढरं व्हायला त्यांना सहा ते दहा वर्षं लागतात.

मी घोड्यांपेक्षा त्यांच्या नावांतच जास्त गुंतलो. प्रत्येक घोड्याला दोन नावं. पहिलं बापाच्या घराण्याचं, दुसरं आईचं. या शाळेचे एकेकाळचे प्रमुख अलोइस पोधायस्की यांच्या एका घोड्याचं नाव होतं 'नेपोलितानो आफ्रिका'. म्हणजे नेपोलितानो घराण्यातला, आफ्रिका नावाच्या घोडीचा मुलगा. आपल्याकडे आडनाव सांगतो तसं बापाचं घराणं आणि त्याला चिकटून आईचं नाव.

बापांची मूळ घराणी सहा. प्रत्येकाच्या मुळाशी एकच घोडा. प्लूटो १७६५चा, डेन्मार्कच्या राजाच्या पागेतला. कॉन्व्हर्सानो १७६७चा आणि नेपोलितानो १७९०चा, दोघेही इटलीतल्या नेपल्सकडच्या जातीचे. मायेस्तोसो १७७३चा आणि फाव्होरी १७७९चा, हे दोघे बोहेमियातल्या क्लाद्रुबच्या पागेतले. आणि सहावा सिग्लाव्ही, १८१०चा, अरबी. आजोबांच्या भाषेत सांगायचं, तर यात कॉन्व्हर्सानो मुश्की, म्हणजे काळा. नेपोलितानो कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा. पुढे क्रोएशिया आणि हंगेरीकडची तुलिपान आणि इन्चितातो ही आणखी दोन घराणी यांना येऊन मिळाली. ज्या जातीच्या शुद्धतेचा एवढा बोलबाला, तिचे पूर्वज असे चार दिशांचे!

तुम्ही म्हणाल, त्या काळी पागेत घोडे तर पुष्कळ असतील, मग सहाच का उरले? बापाची रांग फार नाजूक असते. मुलापासून नातू, नातवापासून पणतू. मधे एका पिढीत पैदाशीला मुलगाच उरला नाही, की घराणं कागदावर संपतं. रक्त मात्र संपत नाही. ते मुलींमधून दुसऱ्या घराण्यांत वाहत राहतं, फक्त नाव बदलून.

आता सिग्लाव्हीची गोष्ट. अरबस्तानातल्या बदाऊनी लोकांत घोड्यांची कुळं आहेत. कुहैलान, सक्लावी, हमदानी अशी त्यांची नावं. सिग्लाव्ही हा 'सक्लावी'चाच युरोपी उच्चार. आणि हे बदाऊनी घोड्याचं कुळ आईवरून मोजतात. घोडी सक्लावी असेल, तर शिंगरू सक्लावी, बाप कोणत्याही कुळाचा असो. म्हणजे व्हिएन्नाच्या वहीत जे बापाचं घराणं म्हणून नोंदलं गेलं, ते नाव मुळात एका आईच्या कुळाचं होतं. हे वाचलं आणि मी आजोबांना मनोमन सलाम केला.

आता विज्ञानही या शोधात उतरलं आहे. 'वाय' गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाला मिळतं. २०१७ साली व्हिएन्नाच्याच पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजच्या बहुतेक घोड्यांच्या बापांच्या रांगा गेल्या सातशे वर्षांत पूर्वेकडच्या, अरबी आणि तुर्कमेनी घोड्यांपाशी जाऊन मिळतात, असं त्यांना आढळलं. आईकडून येणारा वारसा पेशीतल्या मायटोकाँड्रियात सापडतो. तो लिपित्सानर घोड्यांत तपासला, तेव्हा तीसहून अधिक निरनिराळे प्रकार निघाले. काही घोड्यांची वहीतली आई आणि रक्तातली आई जुळलीही नाही. वही माणसं लिहितात, चुकाही माणसंच करतात.

आई नसली, की काय होतं, हे १९४५ साली दिसलं. महायुद्धात जर्मन लष्करानं घोड्या बोहेमियातल्या होस्टाऊ गावी नेल्या होत्या. शाळेतले नर बाँबहल्ल्यांपासून वाचवून पोधायस्कींनी ऑस्ट्रियातल्या सांक्ट मार्टिनला आणले. सहाही घराण्यांचे नर हाताशी असले, तरी घोड्या नसतील तर पुढचं शिंगरू कुठून येणार? एप्रिलच्या अखेरीस अमेरिकन सैन्यानं होस्टाऊ ताब्यात घेतलं. ७ मे रोजी जनरल पॅटनसमोर घोड्यांचे खेळ झाले. त्या वेळी पोधायस्कींनी शाळेला संरक्षण मागितलं आणि घोड्याही परत मागितल्या. त्या मिळाल्या, म्हणून ही जात उरली. २०२२ साली युनेस्कोनं लिपित्सानर पैदाशीच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. त्यासाठी आठ देशांनी मिळून अर्ज केला होता.

त्या दिवशी घरी परतताना मुलीनं विचारलं, "अब्बा, आपल्या शजऱ्यात दादीमाँचं नाव का नाही?" शजरा म्हणजे आमची वंशावळ. उर्दूत लिहिलेली, चौकटीत बसवलेली, अब्बांनी जिवापाड जपलेली. तिच्यात अकरा पिढ्यांची नावं आहेत आणि ती सगळी पुरुषांची. वर कोपऱ्यात अरबस्तानचा उल्लेख आहे. त्या उल्लेखाचा घरात सगळ्यांना अभिमान. पण टांग्याच्या घोड्याला पहाटे उठून चंदी घालणाऱ्या माझ्या दादीचं नाव तिच्यात नाही.

परत आल्यावर मी पत्र्याची जुनी पेटी उघडली. निकाहनाम्यात नवरीचं नाव लिहावंच लागतं. आईचा निकाहनामा सापडला, दादीचाही सापडला. पणजीचा काही सापडला नाही. घरातल्या सर्वांत वयस्कर फुफूला विचारलं. ती म्हणाली, "उनको सब 'बड़ी माँ'च बोलते थे." म्हणजे व्हिएन्नाच्या वहीत सार्दिनिया, अर्जेंटिना, आफ्रिका अशा अठराव्या शतकातल्या घोड्यांच्या आयांची नावं आहेत आणि मला माझ्या पणजीचं नाव सांगता येत नाही.

शजऱ्याच्या काचेला मी हात लावला नाही. तो अब्बांचा आहे. मी शेजारी एक साधी वही ठेवली आहे. तिच्यात आईचं नाव लिहिलं, तिच्या आईचं लिहिलं, दादीचं लिहिलं. पणजीसाठी एक ओळ मोकळी सोडली आहे.

तुमच्या घरात अजून कोणी जुनं माणूस असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्या आईचं, आजीचं नाव विचारून घ्या. बापाचं नाव कुठल्यातरी सातबाऱ्यावर सापडेल. आईचं नाव त्या माणसाबरोबरच जाईल.