वामनवृक्ष आणि परदेशगमन

कृष्णा आणि कोयना जेथे समोरासमोर येऊन एकमेकींस मिळतात, त्या कराडातील पुष्कळ तरुण आज नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक झाले आहेत. मागाहून वृद्ध आईबापांसही बोलावणे येते. भांडीकुंडी वाटून टाकता येतात, घर भाड्याने देता येते. परंतु गच्चीवर वीस वर्षे जोपासलेल्या वीतभर वडाचे काय करावे, हा प्रश्न सहजासहजी सुटत नाही.

हा वड जातीने खुजा नसतो. मुळे व शेंडे वेळोवेळी छाटून, फांद्यांस तारेने वळण देऊन त्यास कुंडीत आवरून धरलेले असते. म्हणून वामनवृक्ष ही केवळ वस्तू नव्हे. ती अखंड चालू असलेली सेवा आहे.

तो बरोबर न्यावा, असे प्रथम मनात येते. पण भारतातील माती अमेरिकेत किंवा युरोपात चालत नाही. वनस्पतीच्या आरोग्याचे सरकारी प्रमाणपत्रही लागते. शिवाय मुद्दाम खुजी केलेली झाडे निदान दोन वर्षे नोंदलेल्या रोपवाटिकेत, देखरेखीखाली वाढलेली असावी लागतात. गच्चीवरचा वड या कसोटीस उतरत नाही. हे नियम निष्कारण नाहीत. २००१ साली कोरियातून आलेल्या खुज्या मेपल वृक्षांतून खोड पोखरणारे भुंगेरे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात निघाले, आणि खबरदारी म्हणून आसपासची शेकडो झाडे तोडावी लागली. लपवून नेलेली एक कुंडी परक्याच्या रानावर संकट आणू शकते.

समजा, परवानगी मिळाली. तरी उष्ण प्रदेशातील वडास बर्फाळ हिवाळा सोसत नाही. त्यास महिनोन्‌महिने घरात, अपुऱ्या उजेडात दिवस कंठावे लागतात.

तथापि वृक्षांनी समुद्र ओलांडलेच नाहीत असे नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्यास १९७६ साली दोनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने जपानने तिला ५३ वामनवृक्ष भेट दिले. त्यांत हिरोशिमाच्या यामाकी घराण्याचा पाइन वृक्ष होता. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुस्फोटातून तो वाचला होता. दोन राष्ट्रांची सरकारे पाठीशी असूनही या झाडांस प्रथम विलग ठेवण्यात आले. विशेष हे की, झाड गेले, घराणे मात्र मागे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला वृक्ष त्यांनी परक्या हाती विश्वासाने सोपविला.

कराडच्या गृहस्थास तेच उलट करावयाचे असते: झाड ठेवून आपण जावयाचे. त्यासाठी निघण्याच्या आठवड्यात शेजाऱ्याच्या दारी कुंडी नेऊन ठेवणे पुरेसे नाही. वैशाखातील उन्हात उथळ कुंडी एका दिवसात कोरडी पडते, आणि पावसाळ्यात भोक बुजले तर मुळे कुजतात. म्हणून शक्य तर वर्षभर आधी सांभाळणारा निवडावा, तिन्ही ऋतू त्याच्या हातून काढवून घ्यावेत आणि छाटणीच्या वेळा लिहून द्याव्यात. पुढे त्याने झाडास निराळे वळण दिले, तरी मन मोठे करावे.

असा कोणी न मिळाल्यास पावसाळ्याच्या आरंभी, घरांपासून दूर व मोकळी जागा पाहून, तो वड जमिनीत लावावा. वीस वर्षांची कारागिरी त्यात जाईल हे खरे. पण ज्या फांद्या आजवर छाटल्या गेल्या, त्यांस प्रथमच आपल्या मनाप्रमाणे वाढता येईल. परतून येणाऱ्यास मग कुंडी सापडणार नाही, सावली सापडेल.