गॅरेजचं बिल आणि अडकलेला ट्रक

क्लच प्लेट बदलायला ट्रक गॅरेजमध्ये सोडला आणि बिल सांगितल्याच्या दुप्पट आलं. पैसे मिळेपर्यंत गॅरेजवाला गाडी अडवू शकतो का? वेगळं काही ठरलं नसेल, तर हो. 1872च्या भारतीय करार कायद्याचं कलम 170 त्याला केलेल्या कामाच्या रास्त मोबदल्यापुरता हा हक्क देतं. मात्र मागच्या उधारीसाठी या कलमाखाली गाडी ठेवून घेता येत नाही. पुष्कळ मालक नेमके इथंच नाडले जातात! जॉबकार्डावर काम आणि अंदाजे खर्च लिहून घ्या, काढलेली क्लच प्लेट मागून घ्या. गाडी सोडवायची घाई असेल, तर बिलावर लेखी हरकत नोंदवूनच पैसे भरा. स्वतःच्या ट्रकवर पोट असलेल्या मालकाला दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915.