स्वमग्न मुलांची नोकरी आणि आपले कर्तव्य



मुलचेऱ्यासारख्या अरण्यमय तालुक्यात सरकारी कचेरीतील जागा म्हणजे कुटुंबाचा मोठा आधार. तो स्वमग्न मुलासही लाभावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

एकाच दालनातील पंख्यांची घरघर व अखंड बोलणी अशा अनेकांस असह्य होतात. गोंगाट शमविणारा हेडफोन बाहेरचा ध्वनी टिपून त्याच्या उलट लहर सोडतो. त्याने घरघर निवते, बोलणी मात्र पुरती थांबत नाहीत. म्हणून भिंतीलगतची बैठक, लेखी सूचना व कामाच्या क्रमाची मोबाइलवर आठवण हीही साधने हवीत.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असून, कलम २० अन्वये सरकारी आस्थापनांनी अशी वाजवी सोय करावयाची आहे. ही भिक्षा नव्हे. परंतु बहिणीच्या सोयरिकीत विघ्न येईल या भयाने मुलास घरात लपविले, तर प्रमाणपत्र कोठून मिळणार? आणि प्रमाणपत्राविना राखीव जागा नाही.

वधूवरांच्या याद्या करण्याइतक्याच आस्थेने ज्ञातिसंस्थेने अशा घरी जावे, मुलास गडचिरोलीस तपासणीसाठी न्यावे, आणि या कारणास्तव सोयरीक नाकारणाऱ्यांची समजूत घालावी, ही आमची नम्र प्रार्थना आहे.