सहा जणांचं कपाट



गेल्या महिन्यात शेजाऱ्यांचं लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचं होतं. आम्ही सहा जण जमलो. जिन्याच्या पहिल्या वळणावर कपाट भिंतीला घासलं आणि माझ्या लक्षात आलं, आपला हात कपाटाला नुसता लागलाय. भार कुणावर होता, देव जाणे! ‘हैशा, हैशा’ मात्र मीच सगळ्यांत मोठ्याने म्हणत होतो.

माझं हे बिंग मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने फार पूर्वीच फोडून ठेवलंय. माणसं आणि जनावरं ओढकाम किती करतात, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. १८८०च्या दशकात त्याने माणसांना दोर ओढायला लावला. एकट्याच्या हिशेबाने आठ जणांचा जोर आठपट भरायला हवा; भरला त्याच्या निम्म्याच्या आसपास. १९१३ साली हे आकडे छापून आले. सगळे एकाच क्षणी हिसका देत नाहीत, म्हणून जोर वाया जातो, असा त्याचा मुख्य कयास.

तो अर्धाच खरा निघाला. १९७४ साली अमेरिकेत एकेकाला डोळ्यांवर पट्टी बांधून दोराच्या पुढच्या टोकाशी उभं केलं. मागची मंडळी ओढण्याचं नुसतं सोंग करत होती. तरीही पुढच्याचा जोर उतरला. आता ताल चुकायला मागे ओढत होतं कोण?

पाच वर्षांनी मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना ओरडायला लावलं. डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन. बरोबर आणखी पाच जण ओरडताहेत, अशी नुसती समजूत होताच आवाज एकट्याच्या ७४ टक्क्यांवर आला. शाळेच्या प्रार्थनेत मागच्या रांगेत उभं राहून ज्यांनी नुसते ओठ हलवले, त्यांना यात नवल वाटायचं नाही. पुढच्या प्रयोगांत प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे ठाऊक असलं, की गर्दीतही तो उतरेना.

म्हणून याला सरसकट कामचुकारपणा म्हणणं मला पटत नाही. (माझी बाजू मी घेणारच!) दहीहंडीच्या थरात खालच्याचा खांदा ढिला पडला, तर वर उभ्या असलेल्याला तळपायातून कळतं. कपाटाला तळपाय नसतात.

दुसऱ्या मजल्यावर मात्र शेजारच्या मावशी कठड्यावरून वाकून म्हणाल्या, “अहो मास्तर, खालचा उजवा कोपरा तुमचा हं!”

कपाट केवढं जड होतं, ते मला तेव्हा कळलं.