हिरव्या शाईची परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वाढदिवसाला भाचीने मला हिरव्या शाईची बाटली दिली. साधी हिरवी नव्हे. तळाशी सोनेरी कण बसलेले. बाटली हलवून पेन भरले, की अक्षरांत सोने चमकते. “गॅझेटेड ऑफिसर झालात वाटतं!” अशी ह्यांनी थट्टाही केली. पण हौसेला मोल नाही! त्याच शाईने मी सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या नव्या वहीत उतरवायला घेतल्या.

तिसऱ्या दिवशी नातवाच्या हातून पाण्याचा पेला कलंडला. चार पाने हिरवीगार झाली, एक ओवी वाचता येईना! शेजारीच सासूबाईंचे मूळ कागद होते. तेही भिजले, पण १९५८ सालची त्यांची निळी-काळी अक्षरे जागची हलली नव्हती.

कारण सोपे आहे. तसल्या शाईत लोहाचा क्षार आणि टॅनिन असते. हवा लागली, की ते कागदाच्या धाग्यांतच काळे होऊन बसते. माझ्या शाईत नुसता पाण्यात विरघळणारा रंग आणि वर चकाकी!

हिरवी शाई मी टाकली नाही. हळदीकुंकवाची आमंत्रणे तिनेच लिहिते. मात्र ठेवणीचे लिहिण्यापूर्वी शाईची परीक्षा घ्यावी. कागदाच्या तुकड्यावर दोन ओळी लिहाव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात, सकाळी वर पाण्याचे थेंब टाकावेत. अक्षर टिकले तरच ती शाई वहीला लावावी.

आणि नवी वही कितीही सुरेख झाली, तरी जुना कागद रद्दीत घालू नका, एवढेच सांगून मी आपली रजा घेते.