लाखोडी आणि मज्जापेशी

आमच्या उमरेडकडे धान निघाल्यावर बांधींतल्या उरलेल्या ओलीवर लाखोडी पिकते. पाऊस दगा देई त्या वर्षीं गरिबाच्या ताटांत पुष्कळदां तीच एक उरे. माझ्या लहानपणीं आळींत एक वृद्ध सालदार होता. गुडघ्याला गुडघा घासत, चवड्यांवर, काठीच्या आधारानें तो चाले. बुद्धि शाबूत, हात शाबूत. पाय मात्र कायमचे आखडलेले. आम्हीं पोरांनीं त्याच्या चालीची नक्कल केली. त्याची लाज आजहि वाटते.

असें कां व्हावें? आपला मेंदू ग्लुटामेट नांवाचें द्रव्य स्वतःच तयार करतो. एका मज्जापेशीचा निरोप दुसरीस पोंचविणें हें त्याचें काम. काम होतांच तें आवरून घेतलें जातें. तें सांचून राहिलें, तर पेशी अखंड चेतविली जाते, तिच्यांत कॅल्शियम भरमसाट शिरतें आणि ती मरते. घरचाच दिवा भडकून घर जाळावें, तसें हें! लाखोडींतील ओडॅप हें विष ग्लुटामेटचेंच सोंग घेतें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं १९६४ सालीं तें वेगळें काढलें.

लाखोडी क्वचित् खाल्ल्यानें पाय जात नाहींत. महिनोन् महिने मुख्यतः तीच खाणें घातक. डाळ गरम पाण्यांत भिजवून तें पाणी ओतून दिल्यास विष पुष्कळ घटतें. हें त्या सालदारास कोणीं सांगितलें नसावें. पण सांगितलें असतें, तरी दुसरें धान्य त्याला कोणीं दिलें असतें?