पाहुण्यांना चतुर्दशीपर्यंत ठेवून घ्या

मंडळी, गणपतीत पुण्या-मुंबईचे पाहुणे इंदूरला आले की आपण त्यांना सराफ्यात नेतो. न्यावेच, पण रात्री नऊच्या आधी नको. सोन्याचांदीची दुकाने मिटल्यावरच तिथे खाण्याचे ठेले लागतात. गराडू मागू नका, तो थंडीतला. सध्या दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस खाऊ घाला. सकाळी पोहे-जिलेबी, आणि पोह्यांवर शेव-जीरावण हवेच. (मग घरचे पोहे त्यांना फिके लागतात, ते आपण सोसायचे.) राजवाडा आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या एका संध्याकाळी होतात.

आमचे मागणे वेगळेच आहे. गौरी उठल्या की पाहुणे निघतात, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री आपणही घरीच झोपतो. त्या रात्री गिरणी कामगारांच्या झांक्या निघतात, पहाटेपर्यंत चालतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांना थकलेले पैसे मिळायला २०२३ उजाडले. भोंगा थांबला, पण झांकी थांबली नाही. वर्गणी मागून काढतात. मागल्या वर्षी ती पाहताना आमच्याच मुलांनी विचारले, "मिल म्हणजे काय?"

यंदा पाहुण्यांची तिकिटे चतुर्दशीनंतरची काढा. सतरंजी न्या आणि जागा लवकर धरा.